माप दुसऱ्याच पायाचं

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी एक जुना मोजा आहे आणि मला काही सांगायचं आहे.

बुटात घालतात, अंगठ्याशी भोक पडलं की फेकून देतात, तसला मोजा मी नव्हे. मी दाबाचा मोजा. घोट्यापासून गुडघ्याच्या खालपर्यंत पाय आवळून धरणारा. घोट्याशी माझी पकड सगळ्यांत घट्ट, पोटरीवर जरा कमी, गुडघ्यापाशी त्याहून कमी. पायात साचून राहिलेलं रक्त खालून वर ढकलायचं, एवढंच माझं काम. दिवसभर उभं राहून ज्यांचे पाय सुजतात, शिरा फुगून वर येतात, त्यांच्यासाठी माझा जन्म. माप बरोबर असेल तर मी औषध, आणि माप चुकलं तर मी फास. हे मला विणलं तेव्हाच माझ्या धाग्यात होतं, पण कळलं फार उशिरा. ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी एका बाईचा पाय माझ्या मुठीत होता आणि मला मूठ सोडता येत नव्हती.

एका मोठ्या गोल यंत्रावर माझा आणि माझ्या जुळ्या भावाचा जन्म झाला. दोघंही बदामी रंगाचे, दोघंही हट्टी. आम्हाला ताणून बघणारी बाई म्हणायची, "हे दोघं कोणाचं ऐकायचे नाहीत." आम्हाला त्याचा अभिमान वाटायचा. मग आम्ही एका डबीत बसून हाँगकाँगच्या एका औषधाच्या दुकानात आलो आणि कोणीतरी निवडेल म्हणून वाट बघू लागलो.

एका रविवारी रोवेना आली. समुद्रापलीकडच्या इलोइलो शहरातली पोर, हाँगकाँगात एका घरी स्वयंपाक, धुणी आणि मुलं सांभाळायची. रविवार तिच्या सुट्टीचा. पुलाखाली आपल्या गाववाल्या बायकांबरोबर पुठ्ठे अंथरून जेवायचं, हसायचं, रडायचं आणि घरी पाठवायच्या मोठ्या खोक्यासाठी एकेक वस्तू जमवायची, असा तिचा रविवार जायचा.

"आईसाठी हवेत," ती दुकानदारीणबाईंना म्हणाली. "नूडल सुपाच्या कढईपुढे पहाटेपासून उभी असते. पाय दुखतात म्हणते."

"घोट्याचा घेर किती? पोटरीचा किती? सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी मोजलेला हवा हं. नंतर सूज चढते."

"माप आहे ना माझ्याकडे!" म्हणत रोवेनाने पिशवीतून एक पुठ्ठा काढला. पावलाच्या आकारात कापलेला.

तुम्हाला हसू येईल, पण तिच्या इलोइलोकडे घरोघरी हेच चालतं. परदेशी गेलेल्या लेकीकडून चपला मागवायच्या तर पुठ्ठ्यावर पाऊल ठेवायचं, कडेने पेन्सिल फिरवायची, कात्रीने कापायचं आणि कोणी निघालं असेल त्याच्या हाती पाठवून द्यायचं. त्या पुठ्ठ्याच्या पावलांवर आजवर किती चपला आल्या, किती सपाता आल्या! चुकल्या नाहीत कधी. रोवेनाच्या आईचं, पुरिंगचं, पाऊलही असंच चपलेसाठी आलेलं होतं.

दुकानदारीणबाई हसल्या. "अगं, हे पाऊल झालं. मला पाय हवाय, पाय!"

रोवेनाने तिथल्या तिथे बूट काढला आणि आपलं पाऊल त्या पुठ्ठ्यावर ठेवलं. नखाएवढाही फरक नाही. "बघा! अख्खी गल्ली म्हणते, पोरीने आईचे पाय उचललेत. माझाच पाय मोजा."

"जी घालणार तिचाच मोजतात गं. फोन कर ना आईला."

"फोन केला तर घेऊच देणार नाही. कशाला उगाच खर्च, माझ्या पायांना काय झालंय, हेच सुरू होईल. तुम्ही तिला ओळखत नाही."

"डॉक्टरांना तरी दाखवलेत का तिचे पाय?"

"पाय दुखले म्हणून कोणी डॉक्टरकडे जातं का?"

बाईंनी मान हलवली आणि टेप काढली. रोवेनाचा घोटा मोजला, पोटरी मोजली आणि आमची डबी काढून दिली. घालून बघ म्हणाल्या. मित्रांनो, मी तिच्या डाव्या पायावर चढलो आणि मला धन्य वाटलं! कातडीच जणू. तिच्या गुडघ्यामागे एक बारीक निळी शीर वर आलेली मला लागली, पण तेव्हा मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. मला पाय मिळाला होता, मी खुशीत होतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला अशी गत झालीय, हे मला कुठून कळणार? रोवेनाने मला काढलं, डबीत घातलं आणि डबीवर ओठ टेकवले.

खोक्यात आमच्या शेजारी साबण होते, डब्यातलं मांस होतं, टॉवेल होते, चॉकलेटं होती. बोटीने महिनाभर हेलकावे खात आम्ही इलोइलोला पोचलो. खोकं उघडलं तेव्हा पुरिंगच्या घरात शेजारपाजार जमला होता. सगळ्यात पुढे बेबेट, पुरिंगची नणंद. पुरिंगचा नवरा गेल्यापासून दोघी मिळून बाजारातला गाडा चालवायच्या. पुरिंग कढई सांभाळायची, बेबेट गिऱ्हाईक. कढईतलं बाचॉय, म्हणजे आमचं ते नूडल्सचं आणि डुकराच्या हाडांचं सूप, पुरिंगच्या हातचं खायला लोक लांबून यायचे.

"वास घे मनांग, वास घे!" बेबेट खोक्यात डोकं घालून म्हणाली. मनांग म्हणजे थोरली बहीण, वहिनीला ती तसंच म्हणायची. "पोरीचा वास येतोय."

पुरिंगने मला डबीतून काढून गालाला लावलं. तिचा गाल ओला होता. "किती मऊ गं. इंदायने स्वतः निवडले असतील." लेकीला ती इंदाय म्हणायची. मग तिने मला परत घडी घातलं. "असले चांगले मोजे कढईपुढे घालायचे होय? सुपाचे डाग पडतील. सणाला घालीन."

आणि मी कपाटात गेलो.

आमच्या बायकांची ही रीत मला आजही कळलेली नाही. परदेशातून आलेला टॉवेल कपाटात, साबण कपाटात, चांगली चादर कपाटात. स्वतः मात्र फाटक्या टॉवेलने अंग पुसायचं. मी त्या साबणांच्या शेजारी पडून राहिलो आणि दाराच्या फटीतून पुरिंगचे पाय ऐकत राहिलो. हो, ऐकत. सकाळी ती जाताना पावलं पटपट वाजायची. संध्याकाळी परतताना डावं पाऊल फरपटायचं. ती खुर्चीत बसायची तेव्हा "हे देवा" असा एक श्वास सोडायची.

"गरम पाण्याने तरी धुवून काढ ना पाय," बेबेट एकदा म्हणाली.

"वेडी का काय? दिवसभर आगीपुढे तापलेले पाय! पाणी लागलं की पास्मा होईल. शिरा फुगतील, हात थरथरतील. माझी आई म्हणायची, तापल्या अंगाला पाणी म्हणजे आजाराला आमंत्रण."

"आधीच फुगल्यात की तुझ्या शिरा."

"म्हणूनच तर!"

 बेबेट खोबरेल तेलात आलं किसून चोळायची आणि बडबडायची. मी कपाटात तळमळायचो. अगं बाई, मी इथे आहे ना! मला काढा! पण मोज्याला तोंड कुठे असतं? आणि खरं सांगायचं तर तेव्हा मला वाटत होतं की आपण बाहेर पडलो की सगळं ठीक होईल. माझ्याएवढा भाबडा मीच.

रोवेना दर रविवारी फोन करायची. फोनवर एकमेकींची तोंडं दिसायची. आईला ती नानाय म्हणायची.

"नानाय, मोजे घालतेस ना गं?"

"घालते तर! रोज घालते."

"पाय कसे आहेत?"

"पाय काय पाय, पाय आहेत जागेवर. तू जेवलीस का? बारीक दिसतेस."

"मी? मी मस्त आहे."

आई खोटं बोलत होती हे मला कपाटात पडल्यापडल्या कळत होतं, लेकही खोटं बोलत होती हे फार नंतर कळलं.

मग सांतो निन्योचा, म्हणजे बाळ येशूचा, सण आला. रस्त्यावर ढोल, रंगवलेली पोरं, बाहेरगावचे लोक, बाजारात पाय ठेवायला जागा नाही. पुरिंगचा डावा घोटा तोवर काळपट पडला होता. तिथली कातडी ताठ आणि चकचकीत झाली होती. कढईच्या स्टुलाचा कोपरा लागून घोट्याच्या आतल्या बाजूला एक बारीकशी जखम झाली होती आणि ती महिनाभर भरत नव्हती. तिच्यावर पावडर टाकून पुरिंगने फडकं बांधलं होतं. सणाच्या दुपारी, सकाळभर उभं राहून आल्यावर, तिने कपाट उघडलं आणि मला बाहेर काढलं.

मित्रांनो, केवढी वाट बघितली होती मी त्या क्षणाची! आणि पुरिंगच्या पायाला टेकलो मात्र, मला कळलं. हा तो पाय नव्हता. पाऊल तेच होतं, बोटं तीच होती. पण पावलाच्या वर जे सुरू होत होतं ते रोवेनाचं नव्हतं. सुजून टम्म झालेला घोटा, केळीच्या बुंध्यासारखी पोटरी. तोही भर दुपारचा, सूज चढलेला पाय. मी एका सडपातळ तरुण पोरीच्या मापाचा होतो. पुठ्ठा खरं बोलला होता, पण फक्त तळव्यापुरतं.

"ओढ गं," पुरिंग म्हणाली.

"ओढतेय ना! तू पाय ढिला सोड."

"अगं मेले, मोजा चढवायचाय, पाय नाही उपटायचा!"

"मनांग, हा जात नाही वर. एक माप मोठा हवा होता."

"मोठा कसा? इंदायने पुठ्ठा बघून घेतलाय. चप्पल कशी बरोबर आली? पाय जाडा झालाय माझा, मोज्याचा काय दोष? ओढ."

दोघी घामाघूम होईपर्यंत ओढत होत्या, मध्येच हसत होत्या. मीही जीव तोडून ताणलो. अर्ध्या पोटरीपर्यंत गेलो आणि अडकलो. वरचा उरलेला भाग बेबेटने दुमडून खाली गुंडाळला, एक वळी, दोन वळी. "झालं! छान दिसतोय."

तिथेच घात झाला. माझी रचना उलटी झाली. खाली घट्ट, वर सैल असा मी, आता वरच सगळ्यांत घट्ट झालो. पोटरीच्या मध्यावर माझी वळी दोरीसारखी रुतली. जे रक्त वर ढकलण्यासाठी मी जन्मलो, तेच मी वाटेत अडवून धरलं. आणि खाली, फडक्याखाली, त्या जखमेवर मी सगळा जोर लावून बसलो होतो.

संध्याकाळी पुरिंगने मला काढलं तेव्हा पोटरीवर खोल लाल चर पडला होता. तिने त्यावरून बोट फिरवलं.

"दुखलं का गं?" बेबेटने विचारलं.

"दुखलं. म्हणजे काम करतोय."

"असं असतं होय?"

"कडू औषधच लागू पडतं. आणि पोरीने घाम गाळून पाठवलंय. तिला काय सांगू, तुझा मोजा मला होत नाही म्हणून? किती वाईट वाटेल तिला."

दुसऱ्या दिवसापासून तिने मला रोज घालायला सुरुवात केली. आधी कपाटात ठेवून प्रेम केलं, आता अंगावर सोसून प्रेम करू लागली. मी काय करणार होतो? मला घट्ट धरण्यापलीकडे काही येतच नाही. रोज सकाळी मी मनातल्या मनात ओरडायचो, नको, आज नको, मला फेकून दे, भांडी पुसायला घे! आणि रोज सकाळी ती दात ओठ खाऊन मला चढवायची आणि वळी घालायची.

रविवारी रोवेना म्हणाली, "नानाय, दाखव ना घातलेले. मला बघू दे."

पुरिंगने फोन खाली नेला आणि झगा जरासा उचलून उजवा पाय दाखवला. उजव्या पायाला सूज कमी होती, माझा भाऊ तिथे जेमतेम का होईना, वरपर्यंत गेला होता.

"अय्या, किती छान बसलाय! बघ, मी म्हटलं नव्हतं? आपले पाय एकच."

"एकच गं बाई, एकच," पुरिंग म्हणाली आणि फोन पटकन तोंडापाशी आणला. टेबलाखाली डाव्या पायावर मी होतो. माझ्या आतलं फडकं ओलं झालं होतं.

मित्रांनो, ते दिवस मला आठवतात आणि आजही माझे धागे आकसतात. जखम वाढत होती. मला तिचा वास येत होता. पुरिंगलाही येत असणार, कारण ती आता गिऱ्हाइकांपासून लांब, कढईच्या पलीकडच्या बाजूला उभी राहायची आणि सुपात लसूण जास्त घालायची. पाण्याची भीती होतीच. तापलेला पाय, त्यात जखम, म्हणून पाणी तर लावायचंच नाही. पावडर, फडकं आणि वर मी. बेबेटने विचारलं की म्हणायची, "भरत आलीय." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा. सोसणारी गप्प, आणि मारणारा मी, मीही गप्प.

एका सकाळी तिला थंडी वाजू लागली. पेटत्या चुलीपुढे उभी राहून बाई कुडकुडत होती. बेबेटने कपाळाला हात लावला.

"मनांग, भाजतेयस तू!"

"चुलीची धग आहे."

"चुलीची धग कपाळाच्या आतून येते का? बस खाली."

"गिऱ्हाईक उभं आहे," पुरिंग म्हणाली, तिने डाव उचलला, आणि तशीच खाली बसली. बसली कसली, कोसळली. सुपाची कढई कलंडली नाही ही त्या सांतो निन्योची कृपा. बेबेटने झगा वर केला आणि पाहिलं. माझ्या वळीच्या वर, गुडघ्यापर्यंत, पाय लालभडक झाला होता.

"अगं देवा! मनांग, हे काय करून घेतलंस? मला सांगायचंस तरी! मी काय मेले होते का?"

दवाखान्यात नर्सने मला काढायला हात घातला आणि पुरिंग किंचाळली. मी आतून जखमेला चिकटून बसलो होतो. नर्सने कात्री घेतली.

तापात अर्धवट शुद्धीत असलेल्या पुरिंगने तिचा हात धरला. "कापू नका."

"नानाय, मोजा कापला नाही तर पाय कसा बघणार?"

"माझ्या पोरीने पाठवलाय."

"मोजा महत्त्वाचा की पाय?"

"पोर," पुरिंग म्हणाली आणि रडायला लागली.

आणि मी, मित्रांनो, मी त्या वेळी देवाकडे एकच मागत होतो. काप. काप बाई, माझे तुकडे कर, पण या पायावरून मला उतरव. नर्सने कात्री खाली ठेवली. तिने कोमट मिठाचं पाणी आणलं आणि माझ्यावर थोडं थोडं ओतत, इंच इंच करत मला गुंडाळत खाली आणलं. पुरिंग बेबेटच्या दंडाला दातांनी धरून होती. बेबेटच्या दंडावर वण उठले, पण तिने हूं केलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी आधी पावलावरची नाडी चाचपली. दोनदा, तीनदा. मग म्हणाल्या, "खाली जाणारं रक्त ठीक आहे. तेच कमी असतं तर असला मोजा घालायचाच नसतो, म्हणून आधी दाखवायचं असतं. तुमचं वर येणारं रक्त अडतंय. त्याला मोजा चांगला, पण तुमच्या मापाचा. आणि पोटरीवर हा चर आहे, मोज्याला वळी कोणी घातली?"

"मी," बेबेट म्हणाली.  "छान दिसत होतं."

"पाय राहील ना हो?" पुरिंगने विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी पाय उशांवर उंच ठेवला. "विष वर चढायला लागलंय. आता ताप कसा उतरतो त्यावर आहे. आज सांगता येणार नाही."

मला धुवून खाटेच्या दांडीवर वाळत घातलं होतं. तिथून मला सगळं दिसत होतं. पाय उंच उशांवर, सुईतून औषध, पुरिंगचे ओठ पुटपुटतायत. एक पाय नसलेली बाई कढईपुढे कशी उभी राहील? हेच ती देवाला विचारत होती, आणि मी त्या दांडीवर लटकून मलाच विचारत होतो. मरण आलं असतं तर बरं, पण मोज्याला मरणही येत नाही.

"इंदायला कळवायचं नाही," पुरिंगने बेबेटला बजावलं. "शपथ घे."

बेबेटने शपथ घेतली, बाहेर गेली आणि सरळ रोवेनाला फोन लावला. परत येऊन म्हणाली, "नरकात जाईन मी. पण तू जिवंत राहा, मग मला तिथे सूप आणून दे."

रोवेना मिळेल त्या विमानाने आली. घामेजलेली, केस विस्कटलेले. खाटेपाशी आली आणि तिला पहिल्यांदा मी दिसलो. मग आईचा पाय दिसला. एकदा माझ्याकडे, एकदा पायाकडे, असं तिने बघितलं आणि तिला सगळं समजलं.

"मी माझाच पाय मोजला," ती म्हणाली. "दुकानदारीण सांगत होती, नानाय. आईला विचार म्हणाली. मी माझाच पाय मोजला गं."

"तुझा पाय माझाच आहे, बाळा. नुसता म्हातारा व्हायचाय."

"गप्प बस! होत नव्हता तर सांगायचं नाहीस? मला उजवा पाय दाखवत होतीस!"

"तुला वाईट वाटलं असतं."

"आणि आता? आता मला बरं वाटतंय?"

 बेबेटने नाक शिंकरलं.

ताप तिसऱ्या दिवशी उतरू लागला. पाय राहिला. पण जखम भरायला वेळ लागला. रोवेनाने मालकिणीची मनधरणी करकरून रजा वाढवून घेतली. घरी आणल्यावर रोज ती आईचा पाय धुवायची, खरंच, पाण्याने. पहिल्या दिवशी पुरिंगने डोळे घट्ट मिटून घेतले होते. "पास्मा झाला तर तू जबाबदार."

"पाणी कोमट आहे. आणि तू कुठे तापलेली आहेस? सकाळपासून लोळतेयस."

"हे मात्र खरं," पुरिंग म्हणाली आणि डोळे उघडले.

मग पट्टी बांधायची, पाय उंचावर ठेवायचे. सूज उतरत गेली. आणि रोवेनाच्या परतण्याच्या सकाळी, पुरिंगने अजून जमिनीला पाय टेकवले नव्हते, तोच रोवेना टेप घेऊन अंथरुणापाशी गुडघ्यावर बसली. घोट्याचा घेर घेतला, पोटरीचा घेर घेतला, टाचेपासून गुडघ्यापर्यंत लांबी घेतली. प्रत्येक माप दोनदा घेतलं. आईच्या पायावरून तिची बोटं फिरत होती आणि मला वाटलं, इतक्या वर्षांत तिने हा पाय पुठ्ठ्याशिवाय कधी हातात घेतलाच नव्हता.

"झालं?" पुरिंगने विचारलं. "आता तू बस."

"मी कशाला?"

"बस म्हणते ना. झगा वर कर. अंहं, पाठ कर माझ्याकडे."

रोवेना हसली, टाळू लागली, विमान चुकेल म्हणाली. पण आईपुढे कुणाचं चालतं? ती वळली. तिच्या गुडघ्यामागे आता एक नव्हे, निळ्या शिरांचा गुंताच झाला होता. परक्या घरी ओट्यापुढे, इस्त्रीपुढे उभं राहून राहून.

पुरिंगने त्या शिरांवर हात ठेवला. "केव्हापासून?"

रोवेनाने झगा खाली ओढायला हात नेला.

"मी मस्त आहे म्हणत होतीस ना गं? दर रविवारी?"

"तुला वाईट वाटलं असतं," रोवेना म्हणाली.

त्यावर दोघी जी रडल्या, त्यात बेबेटही घुसली, कारण तिला कुठलंच रडणं चुकवायचं नसतं. मग पुरिंगने मला दोरीवरून काढलं. स्वतःचा दुखरा पाय लांब करून ती जमिनीवर बसली आणि लेकीचं डावं पाऊल मांडीवर घेतलं. मला उलटं केलं, टाच टाचेला लावली, आणि हळूहळू, एकही चुणी न पडू देता, वर आणलं. कुठे अडकलो नाही, कुठे दुमडलो नाही. माझ्या जन्मापासून मी ज्या पायाच्या मापाचा होतो, तो पाय मला तेव्हा मिळाला.

"डॉक्टरला दाखव तिकडे," पुरिंग म्हणाली. "नाडी बघायला सांग. आणि हा कपाटात ठेवायचा नाही, सांगून ठेवते."

तेव्हापासून मी आणि माझा भाऊ हाँगकाँगला रोवेनाच्या पायांत आहोत. तिने डॉक्टरांना पाय दाखवला आणि रोज सकाळी उठायच्या आधी आम्हाला घालू लागली. खूप धुवून धुवून आता माझी मूठ सैल पडलीय. दाबाच्या मोज्याचं आयुष्य थोडंच असतं, नवीन जोडी येईलच. माझी तक्रार नाही. ज्या मुठीने एक पाय जवळजवळ घालवला, त्याच मुठीने मी दुसरा सांभाळला, एवढं मला पुरे.

पण मित्रांनो, तुमच्याकडेही कुणी ना कुणी दिवसभर उभं असेल. तुमची आई असेल, शाळेतल्या बाई असतील, कोपऱ्यावरचा वडेवाला असेल. त्यांच्यासाठी माझ्यासारखा कुणी आणायचा झाला तर कृपा करून माझ्यावर एक दया करा. अंदाजाने आणू नका, आठवणीने आणू नका, स्वतःचा पाय मोजून तर मुळीच आणू नका. आधी त्यांचा पाय डॉक्टरांना दाखवा, सकाळी त्यांच्यापुढे बसा, पाय हातात घ्या आणि मोजा. आणि ते "मला काय झालंय" म्हणाले, तर विश्वास ठेवू नका. माझ्यासारख्या दुसऱ्या कुणाला पुरिंगच्या पायावर जे करावं लागलं, ते करायला लावू नका हो.

काल रविवार होता. पुलाखाली पुठ्ठ्यावर बसून रोवेनाने फोन लावला. तिकडून पुरिंगने आधी पाय दाखवला, जखमेचा वण आणि त्यावर चढलेला नवा, मापाचा मोजा. मागून बेबेटचा आवाज आला, "लोक पोरीचं तोंड बघायला फोन करतात, या दोघी एकमेकींच्या पाया पडतात!"

"तू गप्प गं," पुरिंग म्हणाली. "इंदाय, आता तू दाखव. डावा. आणि मागून वळव, गुडघ्यामागे बघू दे."

रोवेनाने फोन खाली नेला आणि वळली.